आखणीचा दर

२२ जून

डॉक्टरांनी रोज सकाळी बीपी मोजून लिहून ठेवायला सांगितलं, म्हणून रंगाच्या दुकानदाराने जानेवारीत दिलेली ही डायरी आज उघडली. १५०/९६. नुसता आकडा लिहिला तर पान फारच मोकळं दिसतं. शिवाय लिहिताना मध्ये कोणी बोलत नाही, ही सोय आमच्या घरात दुसरीकडे कुठे नाही.

तर सीझन लागला. यंदा अकराशे मूर्ती, त्यातल्या सहाशे ठाण्यात मूर्ती विकणाऱ्या साहिलच्या. हमरापुरात गणपतीच्या कारखान्यांना तोटा नाही, पण आमच्या मूर्तीला मागणी असते ती डोळ्यांमुळे. डोळे काढण्याला आम्ही आखणी म्हणतो. बाकीचा रंग कोणीही मारील. आखणी चुकली की देव तिरळा नाहीतर झोपलेला. आमच्याकडे आखणी मृणाली करते. माझ्या थोरल्या भावाची मुलगी, एकोणतीस वर्षांची. भाऊ-वहिनी दोघंही गेले, नवऱ्याशी तिचं पटलं नाही, आता रोह्याला खोली घेऊन एकटी राहते. आधी तिकडे एका कंपनीत पॅकिंगला होती, ती नोकरी सोडली. सीझनमध्ये सकाळच्या गाडीने येते, संध्याकाळी जाते. बाकीचं वर्ष ऑनलाइन काम करते म्हणाली. लोकांची बिलं वगैरे टाइप करत असेल. हुशार आहे पोरगी.

३ जुलै

आज साहिल माल बघायला आला. माल बघितला, चहा घेतला, आणि मला मागच्या पडवीत नेऊन म्हणाला, "हिराकाका, राग मानू नका, पन तुमच्या कानावर घालायला पायजे." त्याने मोबाईल पुढे धरला. मी दोनच क्षण बघितलं असेल, जास्त नाही. एक बाई होती. अंगावर जेमतेम कपडे, तोंडावर रुमाल बांधलेला.

तो रुमाल आमचा. मूर्ती कारखान्यातून निघाली की आम्ही तिचं तोंड रुमालाने झाकून देतो, गिऱ्हाईक घरी नेऊन मखरात ठेवल्यावरच तो काढतं. ते रुमाल माझी बायको मालू शिवते, आणि जांभळ्या दोऱ्याने शिवते, कारण एका वर्षी तिला जांभळ्या दोऱ्याचा अख्खा खोका स्वस्तात मिळाला होता आणि तो संपायचं नाव घेत नाही. सगळ्या पेण तालुक्यात जांभळ्या काठाचा रुमाल दुसऱ्या कोणाचा नाही. साहिल म्हणाला, त्याच्या घरच्या गणपतीबरोबर आलेला असाच आहे, म्हणून त्याने ओळखला. मग मी हात बघितला. उजव्या करंगळीच्या नखाला सोनेरी रंग; आखणी करताना मृणाली ती करंगळी मूर्तीच्या मुकुटावर टेकवते.

मी मोबाईल उलटा करून त्याच्या हातात दिला. हल्ली मोबाईलवर न मागता काय काय येतं. बिचारा साहिलही अवघडून गेला होता.

४ जुलै

१७२/१०४.

६ जुलै

आज बोललो. गडीमाणसं जेवायला गेली होती. पॉलिशपेपर मारायला बसते ती धोंडुबाई तेवढी जागची हलेना, तिला चहा आणायला पिटाळलं. मृणाली पाटावर बसून आखणी करत होती. मी दोन मूर्ती होईपर्यंत उभा राहिलो आणि शेवटी जे बोलायचं ते सोडून म्हणालो, "देवाचा रुमाल वापरलास तू."

तिला लगेच कळलं. ब्रश पाण्यात ठेवला. म्हणाली, "कोरा होता, काका. गठ्ठ्यातला. कुठल्या मूर्तीवर टाकलेला नवता. तोंड झाकायला कायतरी पायजे होतं आनि पिशवीत तोच होता."

"म्हणून काय झालं?"

"तुमीच शिकवलंत ना. पूजा होईपर्यंत तो माल."

हे मात्र खरं. आमच्या धंद्यात मूर्ती घरी जाऊन भटजींनी मंत्र म्हणेपर्यंत तिला कोणी देव म्हणत नाही. आम्ही तिच्या पाठीवर पेन्सिलीने किंमत लिहितो, ओलांडून जातो, तडा गेलेल्या मूर्ती पोत्यात भरतो. माझ्या बापाने मला हेच शिकवलं, नाहीतर एवढ्या देवांत माणसाला पाय ठेवायला जागा उरणार नाही. मृणाली म्हणाली, "मी तिथं असते तवा मी पन मालच असते, काका. माझ्यावर कोनी मंत्र म्हटलेला नसतो. फोन बंद केला की मी घरी येते."

मला वाटतं हे चूक आहे. मूर्ती मातीची असते, तिला भूक लागत नाही, ताप येत नाही. पण हे मला संध्याकाळी सुचलं, तेव्हा ती गाडीत बसून गेली होती.

मी विचारलं, कोणी जबरदस्ती केली आहे का? नाही. कर्ज आहे का? नाही. मग तिने मला सगळा कारभार समजावून सांगितला, जसा साहिल मला ठाण्याचा बाजार समजावतो. ती जिथे फोटो-व्हिडिओ टाकते ते ॲप पाचवा हिस्सा कापतं, उरलेले पैसे बँकेत येतात. ती कर भरते. (आमचा निम्मा धंदा कच्च्या पावतीवर आहे.) अर्ध्या गिऱ्हाइकांना नुसतं बोलायचं असतं, एक जण तिला रोज "जेवलास का" असं विचारायला सांगतो आणि त्याचे वेगळे देतो. नको असलेल्या माणसाला बटण दाबून कायमचं बंद करता येतं. "कंपनीत कोनाला बंद करता येत नवतं," असं ती म्हणाली.

मी म्हटलं, अगो, पण कंपनीतली नोकरी अब्रूची होती, ती का सोडलीस?

"कंपनीत फुकट होतं, काका."

एवढं बोलून तिने ब्रश उचलला. कंपनीत चहा-नाश्ता फुकट असतो हे मलाही माहीत आहे. पण फुकट मिळतं म्हणून कोणी नोकरी सोडतं का? या पिढीचा हिशेब मला समजत नाही.

९ जुलै

पेणला वकिलांकडे गेलो. एका मित्राची पुतणी आहे, असं सांगून विचारलं. ते म्हणाले, असलं काही टाकणारी अडकू शकते, बघणारा सहसा सुटतो. मी विचारलं, असं कसं? बघणारे नसतील तर टाकणारी टाकील कशाला? ते म्हणाले, कायदा दुकानाला असतो, गिऱ्हाइकाला नाही. हे मला पटलं नाही, पण फी घेतली नाही म्हणून वाद घातला नाही.

निघताना ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "मृणालीला जपून राहायला सांगा." मी तिचं नाव घेतलंच नव्हतं.

१३ जुलै

मालूला सांगितलं. आठ दिवस शब्द जुळवत होतो. ती मशीनवर रुमाल शिवत होती, तिने मशीनही थांबवलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही कुठं इचारलंत?"

मी चिडलो. घराण्याची अब्रू, पुतणी ती मुलीसारखी, मेलेल्या भावाला काय तोंड दाखवू, असं बरंच बोललो. मालूने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मलापन नाय पटत. पन तिचा नवरा तिला पट्ट्याने मारायचा, तवा आपून दोघं तिला जमवून घे सांगून परत सोडून आलो. ते मला आता त्याहून पटत नाय." त्या वेळी आम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं. मालू हल्ली जुन्या गोष्टी उगाच उकरते.

तिने दोरा मात्र बदलला. आजपासून रुमालांना लाल काठ.

२४ जुलै

आज गटारी. श्रावणाआधीचं शेवटचं मटण, म्हणून हैबतरावांच्या पडवीत आम्ही पाच-सहा जण. हैबतराव शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत, त्यांचं वाचन दांडगं. मी विषय लांबून काढला, पेपरात असं असं आलंय म्हणून. मग काय, ताटं वाढेपर्यंत चर्चा रंगली.

हैबतराव म्हणाले, हा समाजाचा ऱ्हास आहे. एक जण म्हणाला, बायकांना सोपा पैसा हवा. दुसरा म्हणाला, सोपा कसला, महिन्याला दोनशेनव्याण्णव भरतो एक माणूस, त्यातलं त्या बाईला किती मिळणार? तिसरा म्हणाला, दोनशेनव्याण्णव नाही, तीन महिन्यांचे एकदम भरले तर सूट असते. हैबतराव म्हणाले, सूट फक्त पहिल्या वेळी. या लोकांना किती बारीक माहिती असते. मी आपला रोजचा पेपर वाचतो, त्यात दर कधीच छापत नाहीत.

मी म्हटलं, समजा ती बाई स्वतःच्या मर्जीने करते, कोणाला फसवत नाही, कर भरते. मग पाप नेमकं कुठल्या ठिकाणी होतं? हैबतराव म्हणाले, "हिरामण, मर्जी पोट भरल्यावर विचारायची असते." हे वाक्य मला फार आवडलं. पण घरी येताना वाटलं, तिचं पोट तर आमच्या रोजावर सीझनमध्ये भरतंच, आणि उरलेल्या नऊ-दहा महिन्यांबद्दल मी तिला कधी काही विचारलेलं नाही.

२ ऑगस्ट

१६८/१००. साहिलचा फोन. ती आखणीला बसणार असेल तर तो सहाशे मूर्ती उचलणार नाही. "देवाचं काम हाय, काका. उद्या कोनी गिऱ्हाइकाने ओळखलं तर?" मी म्हटलं, तोंड तर झाकलेलं आहे, ओळखणार कोण? तो म्हणाला, बघणाऱ्याला सगळं कळतं. आता सहाशे मूर्ती या दिवसांत दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारू? बारा माणसं कामाला आहेत. त्यांचं काय करू?

धोंडुबाई पॉलिशपेपर मारता मारता माझं बोलणं ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती आपल्याशीच बोलल्यासारखी बोलू लागली. ती खाडीकडची, तरुणपणी मिठागरात होती. म्हणाली, "आमी लुगडं गुडघ्याच्या वर खोचून पान्यात उभं ऱ्हायचो, आनि मुकादम बांधावर बसून बघायचा. दिसभर. त्या बघन्याचा कोनी एक पैसा दिला नाय." मी विचारलं, मग तुमचं म्हणणं काय, मृणाली बरोबर करते? "मी कुठं तसं बोलले," ती म्हणाली, आणि शिंकली. पॉलिशची धूळ फार उडते.

५ ऑगस्ट

तोडगा सापडला. सकाळी दाढी करताना सुचला. साहिलच्या मूर्ती आठ ते दहा इंची आहेत. त्या बाकी सगळं रंगवून टेम्पोत घालायच्या, रोह्याला मृणालीच्या खोलीवर न्यायच्या, तिने तिथेच आखणी करायची, परत आणायच्या. साहिलला सांगायचं की ती आता कारखान्यात बसत नाही, आणि ते खोटंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिचं काम जात नाही, माझी ऑर्डर जात नाही, साहिलच्या देवाला धक्का नाही.

तिला सांगितलं तेव्हा तिने हातातला ब्रश धुतला. मग म्हणाली, "म्हंजे डोळे मी काढायचे आनि मी कोनाला दिसायचं नाय."

मी म्हटलं, बरोबर. तिला एवढं पटकन कळलं याचं मला बरं वाटलं. १३८/८८.

१७ ऑगस्ट

दुसरी खेप आणायला मी स्वतः टेम्पोबरोबर रोह्याला गेलो. तिची खोली मी पहिल्यांदाच बघितली. भाड्याची असून नीटनेटकी. जमिनीवर, खाटेवर, खिडकीत गणपती, बसायला जागा नाही. कोपऱ्यात स्टँडवर तो गोल दिवा होता, मोबाईल अडकवायचा. मी नजर काढून घेतली. पण तिने तोच दिवा ओढून मूर्तीसमोर धरला आणि आखणी करू लागली, आणि खरं सांगायचं तर त्या उजेडात काम फार सुरेख होत होतं. सावली पडत नाही. आपल्या कारखान्यात असे दोन दिवे घ्यावेत असं मनात आलं, आणि असं मनात आलं म्हणून स्वतःचा राग आला.

मूर्ती टेम्पोत भरताना शेजारची बाई दारात आली. "पाहुणे कोन?" तिने मला विचारलं.

"मूर्तीवाला," मी म्हटलं.

ते तोंडून कसं गेलं कळलं नाही. खोटं तर नाही, मी मूर्तीवालाच आहे. मृणाली आतून टोपली आणत होती, ती उंबऱ्यात थोडी थांबली. शेजारीण गेल्यावर तिने मला चहा दिला, बिस्किटं दिली, आणि निघताना "सावकाश जा" म्हणाली. काका म्हणाली नाही. बहुतेक कामाच्या घाईत राहिलं असेल.

२४ ऑगस्ट

साहिलचा माल गेला. तो खूश आहे. म्हणतो, यंदा आखणी गेल्या वर्षीपेक्षा चांगली, नवीन माणूस कुठला? मी म्हटलं, बाहेरचा आहे. कमी पडलेल्या चाळीस मूर्ती न्यायला तो परवा पुन्हा येणार.

आता आखणीला फक्त घरची मूर्ती उरली. आमच्यात घरच्या गणपतीची आखणी सगळ्यात शेवटी होते, बाकीचा माल बाहेर पडल्यावर. सगळं घर समोर बसतं, गडीमाणसंही थांबतात, आणि एक जण डोळे काढतो. सोळा वर्षं ती मृणाली काढते. त्याचे पैसे घेत नाही. मालू तिला नारळ आणि साडी देते, ती मालूच्या पाया पडते, मग जेवण.

मालूने साडी आणून ठेवली आहे. परवा साहिल दिवसभर इथे असणार, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग?" घरात हल्ली सगळे मला मग म्हणून विचारतात.

२६ ऑगस्ट, रात्री

रात्री लिहायची सवय नाही, पण झोप येत नाही. बीपी मोजलं नाही.

सकाळी घरची मूर्ती पाटासकट मांडीवर घेऊन मी टेम्पोत बसलो आणि रोह्याला गेलो. मालूला वाटलं, मृणालीला आणायला चाललो. मी तसं म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. नागोठण्यापर्यंत मलाही नक्की माहीत नव्हतं.

मृणालीने दार उघडलं. नवीन ड्रेस घातला होता, पिशवी भरून तयार होती. मूर्ती बघून ती थबकली.

"ही घरची ना?"

"हो."

"मग घरी येऊन काढते की. नेहमीसारखी."

मी म्हटलं, आज कारखान्यात गर्दी आहे. साहिल आलाय. त्याला शब्द दिलाय की तू बसणार नाहीस.

"मालाला बसनार नाय असा दिलात ना शब्द? ही काय माल हाय?"

मी खूप विचार केला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. मला वाटत होतं, हिला हाताला धरून टेम्पोत पुढे बसवावं, आपल्या शेजारी, आणि भरदिवसा हमरापुरात उतरावं. साहिल तोंड वाकडं करील. चाळीस मूर्ती राहतील, राहू देत. पुढच्या वर्षी दुसरा कोणी येईल. हे सगळं मला अगदी स्पष्ट दिसत होतं आणि मी उठलो नाही. का उठलो नाही ते आता इथे बसूनही सांगता येत नाही. मी म्हटलं, "या वर्षी इथंच काढ, बाय. पुढच्या वर्षी बघू."

तिने पिशवी खाली ठेवली. दिवा ओढला. रंग कालवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काढते. पन तोंड लपवून करायच्या कामाचा माझा दर वेगळा हाय."

मी खिशात हात घातला. अठ्ठेचाळीस वर्षं धंद्यात गेली, हात आपोआप जातो. आणि मी विचारलं, "किती?"

तिने ब्रश थांबवला. आत्तापर्यंत ती माझ्याशी भांडली नव्हती, रडली नव्हती, आताही रडली नाही. नुसती बघत राहिली. मला वाटलं आकडा सांगेल. तिने कितीही सांगितला असता तरी मी दिला असता, हे मी देवाशपथ लिहितो.

"बाकीचे सगले पयलं हेच इचारतात, काका," ती म्हणाली. "तुमी नको होतं इचारायला."

मग तिने मूर्ती जवळ ओढली आणि डोळे काढायला घेतले. मी खाटेच्या कडेवर बसून राहिलो.